रंगाखालचा बैल

श्रावण सरत आला की विदर्भातल्या सुतारांच्या आणि रंगाच्या दुकानांत एक प्रश्न हमखास येतो. "घरी पणजोबांच्या वेळचा लाकडी बैल आहे. एक शिंग मोडलंय, पायाला चीर गेलीय, रंग उडालाय. तान्ह्या पोळ्याच्या आत करून मिळेल का?" उत्तरही ठरलेलं असतं: मिळेल की, दोन दिवसांत. काचपेपर मारला, भेगांत पुट्टी भरली, वर पांढऱ्या ऑइल पेंटचे दोन हात दिले, की बैल नवा.

अडचण तिथेच आहे. बैल खरंच नवा होतो, आणि पणजोबांचा राहत नाही.

वाशिम, कारंजा, मंगरुळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा या सगळ्या भागात पोळा म्हणजे श्रावणी अमावास्या. दुसऱ्या दिवशी, भाद्रपदाच्या पहिल्या तिथीला, लेकरांचा तान्हा पोळा. त्या दिवशी खरे बैल गोठ्यात आणि चाकांवरचे लाकडी बैल रस्त्यावर. त्यांना झूल, मठाट्या, गोंडे, घुंगरं. पोरं ते ओढत घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. ही प्रथा नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजींनी सुरू केली असं विदर्भात सांगतात; त्यांची कारकीर्द 1788 ते 1816. हा बैल खेळणं आहे खरा, पण त्याला हळदकुंकू लागतं, तो ओवाळला जातो, आणि वाटणीत कुणाकडे गेला हेही घरात लक्षात ठेवलं जातं. युरोपात जुन्या बाहुलीघरांची जशी निगुतीनं डागडुजी होते, तशीच या बैलाचीही करता येते. फक्त बाहुलीघर काचेमागे उभं राहतं आणि बैलाला वर्षातून एक दिवस रस्त्यावर धावायचं असतं. हा फरक पुढे प्रत्येक निर्णयात आडवा येणार आहे.

1. आधी बैल उलटा करा

रंगाऱ्याचा ब्रश पोटाखाली आणि खालच्या पाटाच्या तळाला क्वचितच पोहोचतो. म्हणून मूळ लाकूड, मूळ रंग आणि कारागिराच्या हत्याराच्या खुणा तिथे शिल्लक असतात. पटाशीचे चपटे ठसे दिसतात. चाक कातलेलं असेल तर त्यावर गोल रेघा असतात. खिळ्याचं डोकं चौकोनी आणि वेडंवाकडं असेल तर तो लोहारानं घडवलेला. गोल आणि एकसारखं असेल तर कारखान्यातला. एवढ्यावरूनही कोणता भाग मूळचा आणि कोणता मागाहून बसवलेला, याचा अंदाज येतो. डोळा तयार व्हायला कारंज्याच्या काष्ठासंघ जैन मंदिरातलं लाकडी कोरीवकाम एकदा बघून यावं. लाकडात किती बारीक बोलता येतं ते तिथे कळतं, आणि मग घरच्या बैलाच्या पापणीवरही नजर थांबते.

त्यानंतर बघायचे ते लाकडाचे तंतू. लाकूड म्हणजे कडब्याची घट्ट बांधलेली पेंढी समजा. ताटं आडवी तोडायची तर विळा लागतो. उभी सुटी करायची तर हातानं होतात. लाकूडही तसंच, तंतूंच्या दिशेनं सहज फाटतं आणि तंतूंच्या आडवं सहसा तुटत नाही.

आता एकाच ओंडक्यातून कोरलेला बैल डोळ्यासमोर आणा. त्याचे तंतू तोंडाकडून शेपटीकडे जातात. धडाला ते उत्तम, पण पायांत तेच तंतू आडवे पडतात. पाय म्हणजे मग आखूड आखूड ताटांची रास, थोडा धक्का बसला की कडकन मोडणारी. म्हणून जाणता सुतार पाय वेगळ्या लाकडाचे, उभ्या तंतूंचे करतो आणि खुंटीनं बसवतो. शिंगांचंही तेच. घरच्या बैलाचा पाय नेमका तिथेच पुन्हा पुन्हा का मोडतो, याचं उत्तर बहुतेक वेळा पोरांच्या मस्तीत नसून तंतूंच्या दिशेत असतं.

मोडलेला तुकडा सापडला असेल तर एक पथ्य पाळायचं. तुटलेल्या तोंडावर काचपेपर किंवा सुरी फिरवायची नाही. त्या ओबडधोबड तोंडावरचे उंचसखल भाग एकमेकांत बरोबर बसतात. ते घासले की सांधा कायमचा ढिला. आधी काहीही न लावता, कोरडाच तुकडा बसवून बघायचा.

2. रंगाचा हिशेब

घरगुती ऑइल पेंटचा एक हात वाळल्यावर साधारण 0.03 मिलिमीटरचा थर होतो. म्हणजे काहीच नाही. पण दर पोळ्याला एक हात, अशी 40 वर्षं धरा: 40 गुणिले 0.03 म्हणजे 1.2 मिलिमीटर. पापणीची रेघ, नाकपुडीची कड, गळ्याखालच्या पोळीच्या वळ्या, हे कोरीवकाम लहान बैलावर जेमतेम तेवढंच खोल असतं. बैल दरवर्षी चकचकीत होत जातो आणि त्याचा चेहरा बुजत जातो. जुने बैल "साधेच कोरलेले" वाटतात, त्यांतले बरेच मुळात साधे नसतात.

रंग जिथे टवका उडून गेलाय, तिथल्या कडेवर भिंग धरावं. एकावर एक थर दिसतात: वर पांढरा, खाली कधी पिवळट, कधी निळसर, आणि अगदी तळाशी बहुधा लालसर. संग्रहालयात असा कणभर टवका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून थर मोजतात. घरी भिंगावर काम भागतं.

तळाच्या त्या लालाकडे नीट बघायला हवं. बैल सजवायला आपल्याकडे पूर्वापार तीन लाल रंग वापरले जात. गेरू म्हणजे लोहाची माती, निरुपद्रवी. शेंदूर मुळात शिशाचा ऑक्साइड. हिंगूळ हे पाऱ्याचं आणि गंधकाचं संयुग. आज त्याच नावांनी वेगळेच रंगही विकले जातात, पण जुन्या थरात खरा शेंदूर किंवा खरा हिंगूळ असू शकतो. वरच्या ऑइल पेंटचीही खात्री नाही. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून जास्त नसावं, हा नियम भारतात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा डबा असेल तर शिसं आहे असंच धरून चालावं. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक, आणि हे खेळणं तर लहान मुलांचंच.

त्यामुळे कोरडा काचपेपर मारायचा नाही. रंग जाळून काढायचा तर मुळीच नाही, कारण धुरातून शिसं थेट छातीत जातं. थिनर किंवा रंग उतरवायचं रसायन वरचा आणि तळाचा असा भेद करत नाही, सगळंच ओरपून काढतं. जुने थर घट्ट बसलेले असतील तर ते तसेच राहू द्यावेत. संपूर्ण रंग उतरवून लाकूड उघडं करण्याची आणि वर पॉलिश मारण्याची हौस दिवाणखान्यातल्या शोभेच्या वस्तूंमुळे आली आहे. बैल मुळातच रंगवलेला होता, नागडा कधीच नव्हता.

मग करायचं काय? धूळ मऊ ब्रशनं झाडायची. तेलकट मळ राहिला तर काडीला कापूस गुंडाळून, पोटाखाली एका टिकलीएवढ्या जागेवर कोमट पाण्याचा थेंब लावून बघायचा. कापसावर रंग आला तर तो डिंकात किंवा सरसात कालवलेला रंग आहे. त्याच्या वाटेला पाणी पुन्हा न्यायचं नाही. रंग आला नाही तर ओलसर कापसानं, दरवेळी नवा बोळा घेऊन, हळूहळू पुसत जायचं.

जगभरचे संवर्धक या कामाला थुंकी वापरतात. हा विनोद नाही. थुंकीत पिष्ट पचवणारं विकर असतं, ते मळ सोडवतं. पोर्तुगालच्या तीन संशोधकांनी थुंकीची ही ताकद तपासून दाखवली आणि 2018 मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला हे पारितोषिक देतात. पण ज्या बैलाला उद्या ओवाळायचंय त्याला उष्टं लावायची परवानगी वाशिममधली कोणतीही आजी देणार नाही, आणि द्यायचं कारणही नाही. कोमट पाणी थोडा जास्त वेळ घेतं, एवढंच.

उडालेल्या जागा भरायच्या असतील तर तेवढ्याच जागा भराव्यात. आधी त्या जागी, सहज उतरवता येईल अशा पारदर्शक रोगणाचा पातळ हात द्यायचा, त्यावर जलरंग. उद्या कुणाला तो रंग काढावासा वाटला तर खालचा जुना थर न दुखावता निघतो.

3. पाटावर पीठ पडलंय

बैल उचलला की खाली पिवळसर पीठ दिसतं आणि घरात घबराट उडते: वाळवी! बहुतेक वेळा ती वाळवी नसते. वाळवी जमिनीतून मातीच्या नळ्या करत येते आणि आतून लाकूड खाऊन माती भरते. पीठ पाडतो तो भुंगा. त्याची अळी लाकडाच्या आत वाढते आणि प्रौढ किडा एक-दोन मिलिमीटरचं गोल भोक पाडून बाहेर पडतो.

सागवानाला कीड लागत नाही असं छातीठोकपणे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. सागाच्या तपकिरी गाभ्यात किड्यांना न सोसणारी द्रव्यं असतात. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडात ती नसतात. पाटाला, चाकांना किंवा लहान बैलांना असं कडेचं लाकूड वापरलं गेलं असेल, तर भुंगा नेमका तेवढाच भाग खातो.

भोकं जुनी की चालू, हे ओळखायला बैल काळ्या कागदावर ठेवून महिनाभर बघावं. नवं पीठ पडलं नाही तर किडे कधीच निघून गेलेत. पडलं, तर बैल लहान असल्यास प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात, उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवावा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर गार लाकडावर दव धरतं. एक दिवस जाऊ द्यायचा. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर हा उपाय टाळावा. रॉकेल ओतणं हा आपल्याकडचा लाडका इलाज, पण त्यानं रंग मऊ पडतो, आग लागायची भीती राहते आणि आतली अळी बरेचदा जिवंतच असते.

4. मे महिन्यातली चीर

वाशिमला मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो आणि हवा कडक कोरडी होते. ऑगस्टमध्ये तीच हवा भिजल्या गोणपाटासारखी. लाकूड मेलेलं असलं तरी हवेतलं पाणी घेत आणि सोडत राहतं. पाणी घेतलं की ते आडवं फुगतं. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही.

हिशेब करून बघू. बैल ज्या पाटावर उभा आहे तो 20 सेंटीमीटर, म्हणजे 200 मिलिमीटर रुंद सागवानी पाट आहे. कोरड्या मे महिन्यात लाकडातलं पाणी त्याच्या वजनाच्या साधारण 6 टक्के, भर पावसाळ्यात 14 टक्के धरू. फरक 8 टक्क्यांचा. पाण्याच्या दर एका टक्क्याला सागाची फळी रुंदीत सुमारे 0.2 टक्के बदलते. 8 गुणिले 0.2 म्हणजे 1.6 टक्के, आणि 200 मिलिमीटरचे 1.6 टक्के म्हणजे 3.2 मिलिमीटर. घरात प्रत्यक्ष फरक याहून थोडा कमी पडतो, कारण रंग आणि भिंती ओलाव्याची ये-जा मंद करतात. तरी दोन-तीन मिलिमीटर म्हणजे डोळ्यांना सहज दिसेल एवढी चीर.

आता या पाटाच्या खाली दोन आडव्या पट्ट्या दोन्ही कडांना खिळ्यांनी ठोकलेल्या असतील, तर पाट आक्रसताना त्याला हलायला जागाच नाही. तो मधोमध फाटतो. दोष लाकडाचा नाही, खिळ्यांचा.

इथेच सगळ्यात नेहमीची चूक होते. मे महिन्यात चीर दिसते, तीत एमसील किंवा कडक पुट्टी ठासून भरली जाते, वरून रंग. ऑगस्टमध्ये लाकूड फुगायला लागतं, पण चिरेची जागा दगडासारख्या पुट्टीनं अडवलेली. कडा चेपतात, किंवा चीर दोन्ही टोकांना आणखी पुढे पळते. पुढच्या मेमध्ये पुट्टीच्या शेजारीच नवी फट. घरचे म्हणतात, दुरुस्ती टिकली नाही. खरं तर दुरुस्तीनंच पाचरीचं काम केलेलं असतं.

पावसाळ्यात आपोआप मिटणारी चीर तशीच सोडावी. फारच डोळ्यांवर येत असेल किंवा पोरांची बोटं अडकत असतील तर त्याच जातीच्या लाकडाची बारीक कपची चिरेत बसवावी आणि तिची एकच बाजू चिकटवावी. दुसरी बाजू मोकळी, म्हणजे लाकडाला श्वास घ्यायला वाव. लहान फटींना रंग मिसळलेलं मधमाशीचं मेण पुरतं. खिळ्यांच्या जागी स्क्रू वापरून पट्टीतली भोकं आडवी लांबट केली, तर पाट त्यात सरकू शकतो. जुन्या दारांच्या फळ्या बसवणारे सुतार ही युक्ती चांगली ओळखून असतात.

आणखी एक वैदर्भीय शत्रू म्हणजे कूलर. टीव्हीशेजारी मांडलेल्या बैलावर कूलरचा झोत आला की दिवसभर ओलावा आणि वीज गेली की कोरडी झळ. वर्षाचा ऋतुबदल त्या लाकडाला एका दिवसात भोगावा लागतो.

5. कशानं चिकटवायचं

फेव्हिकॉल 1959 मध्ये बाजारात आला. त्याआधी सुतारांचा मुख्य आधार सरस होता: जनावरांची कातडी आणि हाडं उकळून केलेला, गरम करून लावायचा. सरसाला वास येतो, पावसाळ्यात बुरशी धरते, तयार करायला वेळ लागतो. पांढऱ्या डिंकानं त्याला हटवलं यात नवल नाही. नव्या फर्निचरसाठी तो उत्तमच.

जुन्या वस्तूच्या बाबतीत मात्र सरसाचा एक अवगुण गुण ठरतो. कोमट पाण्यानं आणि वाफेनं तो पुन्हा मऊ होतो, म्हणजे सांधा चुकला तर उघडता येतो. फेव्हिकॉलचा सांधा सहसा असा उघडत नाही. जोर केला तर सांध्याऐवजी शेजारचं लाकूड तुटतं. शिवाय तंतूंमध्ये तो एकदा मुरला की पुढच्या वेळी तिथे दुसरं काहीच नीट धरत नाही. संवर्धकांचा सगळा आग्रह एवढ्यासाठीच असतो: आज केलेलं काम उद्याच्या माणसाला काढता आलं पाहिजे.

इथेही घरचा नियम मध्ये येतो. पूजेतल्या बैलाला जनावराच्या हाडांचा सरस चालेल का? अनेक घरांत नाही चालणार. मग संग्रहालयात वापरतात ते बी-72 नावाचं ॲक्रिलिक राळेसारखं द्रव्य बरं. ते ॲसिटोनमध्ये विरघळतं, वाळल्यावर पारदर्शक राहतं आणि पुन्हा ॲसिटोननं सुटतं. फार भार सोसत नाही, म्हणून शिंग-कानांना ठीक. पायासाठी त्याच्या जोडीला लाकडी खुंटी हवी.

6. हरवलेलं शिंग, झिजलेलं चाक

शिंग सापडलंच नाही तर नवं करावं लागतं. 1964 च्या व्हेनिस सनदेत इमारतींसाठी एक तत्त्व मांडलंय, ते बैलालाही लागू पडतं: नवा भाग एकूण रूपात मिसळून जावा, पण जवळून बघणाऱ्याला तो नवा म्हणून ओळखता यावा. चार हातांवरून दोन्ही शिंगं सारखी दिसावीत, हातात घेतल्यावर फरक कळावा. दुसऱ्या शिंगाचं माप घेऊन, आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं कोरून, जुन्याच भोकात खुंटीनं बसवावं. भोक मोठं करायचं नाही. खुंटी बारीक करायची. शिंगाच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, साल कोरून ठेवावं.

चाकांचा न्याय वेगळा. धावणारा बैल चाक झिजवणारच. झिजलेल्या चाकावर ओढलेला बैल कलंडतो आणि पुन्हा शिंग मोडतं, म्हणून चाकं आणि आस बिनदिक्कत बदलावीत. जुनी मात्र टाकायची नाहीत. कापडात गुंडाळून बैलाबरोबरच ठेवायची. आसाला ग्रीस किंवा खोबरेल लावलं की धूळ चिकटते आणि तेल लाकडात उतरतं. त्याऐवजी मेणाचा तुकडा घासला तरी चाक सुरळीत फिरतं. ओढायची दोरी शिंगाला किंवा मानेला न बांधता पाटाला बांधावी. बैलाच्या अर्ध्या दुखापती वाचवायला तेवढं पुरेसं आहे.

7. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर

ॲमस्टरडॅमच्या राईक्स म्युझियममध्ये पेट्रोनेला ओर्टमन या श्रीमंत बाईचं बाहुलीघर आहे. ते 1686 ते 1710 च्या दरम्यान सजवलं गेलं. त्यात मुळात मेणाच्या बाहुल्या होत्या. आज त्या जवळजवळ सगळ्या नाहीशा झाल्या आहेत. तरीही कोणत्या खोलीत कोण उभं होतं हे कळतं, कारण याकोब अपेल या चित्रकारानं त्याच काळात त्या बाहुलीघराचं हुबेहूब चित्र काढून ठेवलं. आज हे काम मोबाइलवर पाच मिनिटांत होतं. काहीही हात लावण्याआधी चारही बाजूंनी, वरून, पोटाखालून आणि प्रत्येक जखमेचा जवळून, असे फोटो घ्यावेत. शेजारी पट्टी ठेवावी म्हणजे माप कळतं. काम झाल्यावर पुन्हा तेच फोटो.

तान्हा पोळा झाला की त्याच संध्याकाळी हळदकुंकू कोरड्या ब्रशनं झाडावं. बेगड डिंकानं थेट अंगावर चिकटवण्यापेक्षा झुलीवर शिवावी, म्हणजे पुढच्या वर्षी खरवडावी लागत नाही. झूल काढून वेगळी ठेवावी, कारण ओलसर कापड रंगाला चिकटतं. बैल जुन्या सुती लुगड्यात गुंडाळावा. प्लास्टिकच्या बंद पिशवीत दमट हवा कोंडते. माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नये, बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, घराच्या मधल्या खोलीतलं कपाट सगळ्यात बरं.

बरोबर एक चिठ्ठी असावी. बैल कुणी करून घेतला, कोणत्या गावच्या सुतारानं केला, कोणतं शिंग कोणत्या साली नवं बसलं, कोणत्या द्रव्यानं चिकटवलं, काय मुद्दाम तसंच सोडलं. चिठ्ठी पेन्सिलीनं लिहावी. पेनची शाई ओलाव्यानं किंवा स्पिरिटनं पसरते. पेन्सिलीतला ग्राफाइट पाण्यातही विरघळत नाही आणि ॲसिटोनमध्येही नाही.